सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: जुन्या गाड्यांचा इमोबिलायझर आणि अलार्म

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. गाडी २००३ ते २०१२ मधली, पेट्रोल, कंपनीतूनच चिपवाली चावी आलेली. आठवडाभर मुकाट्याने चालते. मग एका सकाळी चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, इंजिन क्षणभर चालू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. मीटरवर चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत असतो. दहा मिनिटं थांबून चावी काढून परत घातली की काही झालंच नाही अशी गाडी चालू होते. गॅरेजमध्ये नेली तर तिथे दिवसभर एकदाही त्रास देत नाही. मग कुणीतरी म्हणतं "इसीएम गेलाय" (इसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर), दुसरा म्हणतो "इमोबिलायझर बायपास करून टाकू", आणि खर्चाचा आकडा ऐकून मालक गाडी विकायचा विचार करू लागतो.

मी जुन्या गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. या तक्रारीत इमोबिलायझरचा डबा, म्हणजे चावी ओळखणारं युनिट, स्वतः खराब झालेला मी फार क्वचित पाहिलाय. बिघाड असतो चावीत, बॅटरीत, अर्थच्या वायरीत, एखाद्या कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये), नाहीतर नंतर कुणीतरी मारलेल्या जोडात. इमोबिलायझरला काम करायला नीट व्होल्टेज आणि नीट सिग्नल दोन्ही लागतात, म्हणून गाडीत काही कमी-जास्त झालं की पहिली कुरकुर तोच करतो. तपासणीचा खालचा क्रम मी म्हणूनच तसा ठेवलाय. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, डबे उघडणं सगळ्यात शेवटी.

अलार्म वेगळा, इमोबिलायझर वेगळा

आपण तीन गोष्टींना मिळून "सिक्युरिटी सिस्टिम" म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रिमोटने दारं उघडणं-लावणं हे सेंट्रल लॉकिंगचं काम. दार, बॉनेट किंवा डिकी उघडली की बोंब मारायचं काम अलार्मचं. ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणं, हे इमोबिलायझरचं. सायरन वाजतोय म्हणून इमोबिलायझर खराब, किंवा रिमोट चालत नाही म्हणून गाडी स्टार्ट होत नाही, असे निष्कर्ष काढले की चुकीच्या जागी पैसे जातात.

इमोबिलायझर चालतो असा. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात सेंटीमीटरभर लांबीची एक चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं बसवलेलं असतं, त्याला अँटेना कॉइल म्हणतात. चावी ऑन केली की या कॉइलमधून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. जुन्या चिपा नुसता ठरलेला नंबर सांगायच्या. नंतरच्या चिपा गाडीने विचारलेल्या प्रश्नाचं सांकेतिक उत्तर देतात. उत्तर जुळलं की डबा इसीएमला परवानगी देतो. जुळलं नाही तर इसीएम पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो, आणि काही गाड्यांत सेल्फच फिरू देत नाही. एवढं सगळं सेकंदाच्या आत उरकतं. मारुती याला आयकॅट्स म्हणते, फोर्ड पॅट्स, ह्युंदाई स्मार्ट्रा, फियाट कोड. नावं वेगळी असली तरी तत्त्व एकच.

यातून दोन गोष्टी निघतात. चावी फिरवून चालू करायच्या गाडीत रिमोटचा सेल संपल्यामुळे इंजिन बंद राहत नाही. सेल संपला तर फक्त लॉकची बटणं चालणार नाहीत. आणि काचेवरच्या फास्टॅगचा याच्याशी काही संबंध नाही. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याची आणि चावीच्या चिपची गाठच पडत नाही. हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, म्हणून इथेच सांगून टाकतो.

आधी नीट बघा आणि ऐका

गाडी अडली की लगेच बॉनेट उघडू नका. चावी ऑनवर आणा, सेल्फ मारू नका, आणि मीटरकडे बघा. इमोबिलायझरचा दिवा काही सेकंद लागून विझला, तर चावी ओळखली गेली. तो लुकलुकत राहिला तर ओळखली गेली नाही. बऱ्याच जुन्या मारुती गाड्यांत यासाठी वेगळा दिवा नसतो, इंजिनचा पिवळा दिवाच लुकलुकतो. आपल्या गाडीत नेमकं काय होतं ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा. गाडी नीट असताना तो दिवा कसा वागतो हे माहीत असेल तर बिघाडाच्या दिवशी निम्मं काम झालेलं असतं.

मग कान द्या. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंद घूं असा आवाज यायला हवा. दिवा व्यवस्थित विझला, सेल्फ दणक्यात फिरतोय आणि तरी गाडी चालू होत नाही, तर इमोबिलायझरचा नाद सोडा. पंप, पंपाचा रिले किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे इसीएमला सांगणारा) बघा. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर परत चालतो. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले असाच उन्हात उभ्या गाडीत रुसायचा, कारण आतल्या सोल्डरला चिरा जायच्या. "दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली" एवढ्यावरून इमोबिलायझरला दोष देता येत नाही तो यामुळेच.

सेल्फ नुसता टक्-टक् करतोय किंवा ओढून-ताणून फिरतोय, तर बॅटरी बघा. इथे एक जुना उपाय तपासणी म्हणूनही कामाला येतो. गिअरची गाडी असेल तर उतारावर किंवा धक्का मारून चालू करून बघा. धक्क्याने चालू झाली आणि चालत राहिली, तर इमोबिलायझरने परवानगी दिलेली आहे, दुखणं बॅटरीचं किंवा सेल्फचं आहे. इमोबिलायझरने अडवलेली गाडी कितीही ढकलली तरी चालू होत नाही. भर रस्त्यात सोसायटीतल्या चार जणांना घाम फोडण्याआधी दिवा बघून घ्या.

चावी

पहिली चाचणी दुसऱ्या चावीची. कपाटात ठेवलेली मूळ चावी काढा आणि आठवडाभर फक्त तीच वापरा. त्रास थांबला तर बिघाड चावीतच आहे. दोन्ही चाव्यांनी सारखाच त्रास होत असेल तर चावी सोडून पुढे चला.

बिघाड चावीत असेल तर आधी जुडगा सोडवा. एकाच कडीत दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या असतील तर कॉइलजवळ दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि डब्याला काहीच कळत नाही. ऑफिसच्या दारावर दाखवायची पांढरी जाड कार्डं आणि टॅग यांतले बरेचसे १२५ किलोहर्ट्झवरच चालतात, म्हणजे अगदी चावीच्याच पट्टीत. जुडग्यात असा टॅग लटकत असेल तर तो आधी बाजूला करा. लॉकच्या तोंडावर येणारी पितळी किंवा लोखंडी जाड कडीसुद्धा क्षेत्र खाते. मोबाइल चार्जरही संशयित आहेत. लायटरच्या सॉकेटमध्ये घातलेला स्वस्त चार्जर काढून दोन-चार दिवस गाडी चालवून बघायला काही खर्च नाही.

आता चावीचं कवच. जुनी चावी झिजली म्हणून बाजारातून फ्लिप चावीचं नवीन कवच घेऊन आतलं सामान त्यात हलवायची पद्धत आहे. हे करताना चिप जुन्या कवचातच राहिली, तर गाडी चालू होणारच नाही आणि बिघाड लगेच कळेल. खरी डोकेदुखी ती चिप नव्या कवचात सैल राहिली तर होते. चावी हातात कशी धरली यावर मग गाडी चालू होणं न होणं ठरतं. चावी कानाजवळ धरून हलवा, आत काही खुळखुळत असेल तर उघडा. काही चिपा काळ्या चौकोनी ठोकळ्यासारख्या असतात, काही काचेच्या नळीतल्या. काचेची नळी चावी फरशीवर पडली की तडकते, आणि तो तडा साध्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. चिप बसवताना फेविक्विक ओतू नका. जागेवर ठेवून कडेला सिलिकॉनचा एक थेंब पुरे.

बॅटरी आणि अर्थ

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात.

मल्टिमीटर साधा चालतो, पण तो हवाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे बॅटरी निम्म्यावर आली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेलं की सेल्फ कसाबसा फिरतो, पण डबा आणि इसीएम मध्येच रीसेट होतात आणि चिपचं उत्तर हवेत विरतं. बॅटरीवाला दुकानात लोड टेस्ट करून "ठीक आहे" म्हणाला तरी हा आकडा स्वतःच्या गाडीत, सकाळी, इंजिन गार असताना बघा.

बॅटरी चांगली निघाली तरी काम संपत नाही. पावसाळ्यात एक २००८ ची पेट्रोल हॅचबॅक माझ्याकडे आली, तक्रार तंतोतंत सुरुवातीला सांगितली तशी. मालकाला एका वर्कशॉपने इसीएम आणि दोन्ही चाव्या असा पूर्ण सेट बदलायचं एस्टिमेट दिलं होतं. बॅटरी नवी, टर्मिनल लखलखीत. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर १०.२ व्होल्ट, म्हणजे उत्तम. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरली, लाल पिन इंजिनच्या खरवडलेल्या धातूवर, आणि मालकाला सेल्फ मारायला सांगितला. मीटरवर १.४ व्होल्ट आले. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. बॅटरीपासून गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत येणारी जाड अर्थ वायर वरून काळी कुळकुळीत, धडधाकट दिसत होती. लगच्या (वायरीच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या कडीच्या) मागे दोन बोटं अंतरावर ती वाकवली तेव्हा आतून करकर असा आवाज आला. स्लीव्ह चिरली तर आतल्या तारांची हिरवट-पांढरी भुकटी झालेली, जेमतेम चार-पाच तारा शाबूत.

यात इमोबिलायझर का अडकला ते समजून घ्या. त्या गाडीत इसीएमचा अर्थ इंजिनवर घेतलेला आणि इमोबिलायझरच्या डब्याचा अर्थ बॉडीवर. सेल्फ मारताना इंजिनचा शून्य बॉडीच्या शून्यापेक्षा १.४ व्होल्टने वर उचलला जायचा. दोन डबे एकमेकांशी व्होल्टेजच्या चढउतारांतूनच बोलतात. दोघांचे शून्यच वेगळे झाले तर निरोप नीट पोचणार कसा? ओल्या गार सकाळी इंजिन जड फिरतं, सेल्फ जास्त करंट ओढतो, शून्यातला फरक वाढतो आणि गाडी अडते. दुपारी गॅरेजमध्ये इंजिन कोमट असतं म्हणून काहीच होत नाही. नवीन अर्थ वायर टाकली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासली, वर व्हॅसलीन लावलं. मीटरवर ०.१५ आले आणि तक्रार तिथेच संपली.

त्यामुळे इंजिन ते बॅटरी, बॉडी ते बॅटरी, आणि इंजिन ते बॉडी अशा तिन्ही जोडण्या सेल्फ मारताना मोजा. नुसत्या ओहमवर मोजू नका. चार तारा उरलेली वायरसुद्धा ओहमवर शून्यच दाखवते.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर उभ्या गाडीचा करंट मोजा. मीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह वायरीच्या मध्ये जोडा, दारं बंद करा, सगळे डबे झोपायला अर्धा तास द्या, मग आकडा बघा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. २०० असेल तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात पार कोरडी होते, आणि गाडी अडायला तितकेही दिवस लागत नाहीत. मीटर मध्ये जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. बॅटरी काढण्याआधी म्युझिक सिस्टिमचा कोड जवळ आहे ना, तेही बघून घ्या.

कॉइल, कपलर आणि पाणी

चावी आणि वीजपुरवठा दोन्ही ठीक निघाले, तरच स्टिअरिंगखालचं कव्हर उघडा. लॉकभोवतीची कॉइल बहुधा एकाच स्क्रूवर किंवा नुसत्या क्लिपमध्ये बसवलेली असते. ती लॉकच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर मागे सरकली असली तरी चिपपर्यंत क्षेत्र अपुरं पोचतं. कॉइलचा कपलर काढा, पिना हिरव्या पडल्यात का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या आणि परत दाबून बसवा. मग चावी ऑन ठेवून वायर हळूच हलवा. दिव्याने हालचाल केली तर जागा सापडली.

पाण्याची वाट शोधणं जास्त कटकटीचं. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची आणि चिंचेची पानं साचतात, तिथली पाणी जायची भोकं तुंबतात आणि पावसाचं पाणी ब्लोअरमधून डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. त्याच बाजूला दाराजवळच्या पॅनेलमागे कपलरांचा गठ्ठा असतो. मॅट उचलून खालचा फोम हाताने दाबा. वरून कोरडा आणि आतून ओला, हे हमखास. मुंबईत पाण्यातून गेलेली गाडी स्वस्तात घेतली असेल तर तपासणीची सुरुवातच इथून करा, कारण कपलरमधला गंज पाणी ओसरल्यावर पुढची कितीतरी वर्षं हळूहळू वाढत राहतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर बॉनेटखालच्या वायरीही बोटांनी चाचपत जा. उंदराने अर्धवट कुरतडलेली वायर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते.

नंतर बसवलेला अलार्म आणि सीएनजी किट

"आमचा अलार्म कंपनीचाच आहे" असं दहातले सात मालक सांगतात. प्रत्यक्षात तो शोरूमने डिलिव्हरीच्या दिवशी ॲक्सेसरी म्हणून बसवलेला असतो. ओळख सोपी आहे. रिमोट चावीपासून वेगळा आहे, डॅशबोर्डवर चिकटवलेला एक निळा किंवा लाल दिवा आहे, आणि स्टिअरिंगखाली रंगीत वायरींचा झुबका काळ्या टेपने गुंडाळलेला आहे, तर तो बाहेरचा. हा अलार्म इग्निशन, सेल्फ किंवा पंपाची मूळ वायर तोडून मध्ये आपला रिले घालतो. जोड पिळून मारलेले असतात. आपल्याकडच्या उन्हात पाच-सात वर्षांत टेपचा डिंक वितळून चिकट होतो, जोड सैल पडतात, रिलेचे कॉन्टॅक्ट जळतात. मग सेल्फ कधी फिरतो, कधी नाही, आणि दोष जातो कंपनीच्या इमोबिलायझरला, ज्याचा दिवा बिचारा वेळेवर विझत असतो.

असा अलार्म म्हातारा झाला असेल तर तो पूर्ण काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. तोडलेली प्रत्येक मूळ वायर सोल्डर करून, श्रिंक स्लीव्ह घालून परत जोडून घ्या. सेंट्रल लॉकिंग त्याच डब्यावर चालत असेल तर त्यासाठी वेगळं साधं मॉड्यूल मिळतं. हे काम तासाभरात उरकणाऱ्याकडे देऊ नका.

नंतर बसवलेल्या सीएनजी किटचंही तेच. किटवाला इग्निशनची लाइन घेतो आणि इंजेक्टरच्या वायरी तोडून आपला डबा मध्ये घालतो. गाडी पेट्रोलवर चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि इमोबिलायझरचा दिवा शांत असेल, तर त्या जोडांकडे आधी बघा.

रात्री-अपरात्री वाजणारा सायरन

कंपनीच्या अलार्ममध्ये पहिला संशय बॉनेटच्या स्विचवर घ्या. बॉनेट जिथे टेकतं तिथे रबराची टोपी घातलेली एक पिन वर आलेली असते. वर्षानुवर्षं दबून रबर चपटं होतं, बॉनेटचे बफर झिजतात, आणि पिन पूर्ण दबत नाही. दिवसा चालून जातं. पहाटे पत्रा आकसतो, पिन केसभर वर येते, अलार्मला वाटतं बॉनेट उघडलं. तपासायला बॉनेटच्या आतल्या बाजूला, पिन टेकते तिथे, सायकलच्या ट्यूबचे दोन थर चिकटवा. त्यानंतरच्या रात्री शांत गेल्या तर स्विच बदला किंवा बफर फिरवून उंची साधून घ्या. नुसता कपलर काढून ठेवणं हा उपाय सगळीकडे चालत नाही. काही गाड्यांत तुटलेलं सर्किट म्हणजे बॉनेट बंद, काहींत तेच म्हणजे बॉनेट उघडं.

मग दारं. मीटरवर "दार उघडं" हा दिवा गाडी चालवताना क्षणभर चमकून जातो का, याच्याकडे लक्ष ठेवा. कोणत्या खड्ड्यावर, कोणतं दार दाबल्यावर जातो, त्यावरून दार कळतं. नव्या पद्धतीच्या गाड्यांत हा स्विच दाराच्या लॉकच्या आतच असतो. तिथे जुनं ग्रीस घट्ट होऊन तो अडकतो. क्लीनरने धुऊन नवं ग्रीस दिलं की बहुतेकदा पुरतं.

युरोपीय गाड्यांत कधी कधी सायरनच्या पोटातच एक छोटी रिचार्जेबल बॅटरी असते, चोराने मुख्य बॅटरी तोडली तरी सायरन वाजावा म्हणून. आठ-दहा वर्षांत ती गळते, तिचं रसायन सायरनचं सर्किट खातं, आणि सायरन काही कारण नसताना वाजतो. मुख्य बॅटरी काढली की तर हमखास बोंबलतो. सायरन बदलणं किंवा आतली बॅटरी आणि खराब झालेलं सर्किट दुरुस्त करणं, एवढाच मार्ग. गाडीच्या आत हालचाल ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तर काच बोटभर उघडी ठेवल्यानेही, वाऱ्याने आतली हवा हलली तरी, अलार्म वाजतो.

दिवाळीत फटाक्यांनी वाजणारा अलार्म मात्र बहुधा बाहेरचा असतो. त्याच्या शॉक सेन्सरवर एक छोटा स्क्रू असतो, तो थोडा कमी करा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आपल्या सायरनने अख्खी बिल्डिंग जागी होते, तेव्हा हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

स्कॅनर लावला तर

ब्लूटूथवाला ईएलएम-३२७ अडॅप्टर इंजिनचे कोड वाचतो, इमोबिलायझरच्या डब्यापर्यंत बहुधा पोचत नाही. तरी लावून बघा. पी ०५१३ म्हणजे चावी चुकीची, पी ०६३३ म्हणजे चावी इसीएममध्ये नोंदलेली नाही, आणि पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे वळा. फोर्डच्या पॅट्सवाल्या गाड्यांत स्कॅनरशिवायही काम भागतं. चावी ऑन ठेवली की दिवा साधारण मिनिटभर भराभर लुकलुकतो आणि मग दोन आकडी कोड मोजून दाखवतो. ११ म्हणजे कॉइलचं युनिट जोडलेलंच नाही, १३ म्हणजे चिपकडून काहीच आलं नाही, १४ म्हणजे अर्धवट आलं, १५ म्हणजे चावी नोंदलेली नाही, १६ म्हणजे इसीएमपर्यंतची लाइन तुटलेली. १४ आला आणि जुडग्यात ऑफिसचा टॅग असेल, तर तिथेच थांबून तो काढा.

इसीएम किंवा इमोबिलायझरचा डबा भंगारातून आणून बसवला तर गाडी चालू होत नाही, कारण दोघांची आणि चावीची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. ती परत जुळवायला पिन, म्हणजे त्या गाडीचा गुप्त आकडा, लागतो. जनरल मोटर्सने भारतात विक्री २०१७ अखेर थांबवली, फोर्डने इथलं उत्पादन बंद करायची घोषणा २०२१ मध्ये केली. अशा गाड्यांच्या मालकांनी पिनचा कागद, ओपेलचा कार पास, फियाटचं कोड कार्ड, जे काही मूळ कागदांत असेल ते शोधून त्याचा फोटो काढून ठेवावा. ते कार्ड गाडीत ठेवू नका.

बायपास

इसीएमचा प्रोग्रॅम बदलून इमोबिलायझर कायमचा बंद करून मिळतो, आणि शहरात करून देणारेही आहेत. मी ते करत नाही. युरोपीय संघात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला तो चोऱ्या थांबवायलाच. तो नसला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे चावी फिरवून चालू होणाऱ्या अनेक ह्युंदाई आणि किया गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. २०२२ च्या सुमारास त्या चालू करायची युक्ती सोशल मीडियावर पसरली आणि पोरासोरांनी गाड्या पळवल्या. आपल्या जुन्या गाडीचं दाराचं लॉक पट्टी घालून उघडतं, इग्निशन लॉक स्क्रूड्रायव्हरने फिरतं. मध्ये उभी असते ती फक्त ही सेंटीमीटरभराची चिप. शिवाय ज्या सडलेल्या अर्थ वायरीमुळे इमोबिलायझर अडत होता, ती बायपासनंतर तशीच राहते आणि पुढे इसीएमच्या किंवा सेल्फच्या मुळावर येते.

विम्याचाही भाग आहे. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेल्या चोरीविरोधी उपकरणासाठी भारतीय मोटर टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये, अशी सूट ठेवलेली होती. तुम्ही अशी सूट घेतली असेल आणि उपकरण बंद करून ठेवलं असेल, तर क्लेमच्या वेळी उत्तर द्यायला तुम्हीच असता.

दुसरी चावी नसेल तर ती आजच करून घ्या. एक चावी हातात असताना दुसरी नोंदवणं सोपं आणि स्वस्त पडतं. सगळ्या हरवल्यावर पिन काढणं, इसीएम उघडणं, गाडी टो करणं असा पसारा होतो. चावी नोंदवायला जाताना आरसी, ओळखपत्र आणि घरात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या घेऊन जा. अनेक गाड्यांत नवीन चावी नोंदवताना आधीच्या सगळ्या पुसल्या जातात, आणि घरी राहिलेली चावी मग नुसती दार उघडण्यापुरती उरते. चावी हरवली असेल तर याचाच फायदा घ्या, हरवलेली चावी मेमरीतून पुसून मागा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्यांचा आकडा दाखवायला सांगा आणि तो तुमच्या हातातल्या चाव्यांशी जुळतो का ते तिथेच उभं राहून बघा.